कोणाचा राग, कोणाची अस्मिता
(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मागच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मागच्या रांगांचं नाव घेतलं, कारण आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे. पुढच्या रांगेतल्या बहुतेकांचे प्रबंध लिहून झालेत, बांधून झालेत, कपाटात गेलेत. त्यांचं आता काही बिघडवता येणार नाही. तुमचे अजून व्हायचे आहेत.

आजचा विषय आहे समाजजीवनातल्या आणि संशोधनातल्या भावना. विषय छापून आल्यावर एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, ‘बाई, तुम्ही समाजशास्त्राच्या. हा विषय मानसशास्त्रवाल्यांना द्यायचा की!’ मी हसले. पण त्यांचं म्हणणं हीच आपल्याकडची रीत आहे. जात, जमीन, मतदान, पाणी हे आपले विषय. राग, लाज, भीती, असूया आली की ती मानसशास्त्राच्या नाहीतर मराठी विभागाच्या दारात सोडायची आणि आपण हात धुऊन आकडेवारीला बसायचं. सिनॉप्सिसमध्ये ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द पहिल्या पानावर आला नाही तर गाईडला करमत नाही.

मला आज तीन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, भावना दिसते एकट्या माणसाच्या चेहऱ्यावर, पण तिला कारणं समाजानं दिलेली असतात. दुसरी, आपले सरकारी कागद आणि आपल्या प्रश्नावल्या या कारणांपाशी येऊन थांबतात. आणि तिसरी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: समाजात संपत्तीसारखीच भावनांचीही वाटणी विषम असते. काहींच्या रागाला अस्मिता म्हणतात, काहींच्या रागाला आक्रस्ताळेपणा. आपण संशोधक ही वाटणी तपासतो, की गुपचूप मान्य करतो?

पहिल्या मुद्द्यासाठी लांब जायला नको. आपल्याच शहरात विभागीय आयुक्तांचं कार्यालय आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांचा हिशोब तिथे जमा होतो. महिन्याचा, वर्षाचा, जिल्हावार. प्रत्येक प्रकरणापुढे तीनपैकी एक शेरा असतो: पात्र, अपात्र, चौकशीवर प्रलंबित. पात्र ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत. ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत.

पात्र कोण? शेतीसाठी बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज असलं पाहिजे, ते थकलेलं असलं पाहिजे, आणि वसुलीचा तगादा असला पाहिजे. तगादा! बघा, सरकारच्या निकषातच भावना आहे. तगादा म्हणजे काय? माणसाला जगणं नकोसं करणारा दबाव. पण कागदावर तो सिद्ध कसा करायचा? बँकेची नोटीस दाखवा.

आता गावात तगादा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. वसुलीचा माणूस घरात येत नाही. रस्त्यावर मोटारसायकल उभी करतो आणि तिथूनच हाक मारतो, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशी. कृषी सेवा केंद्राचा मालक बाजाराच्या दिवशी, पाव्हण्यांच्या देखत, ‘मागचं कधी देता?’ म्हणून विचारतो. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना कुणीतरी हळूच देण्याचा विषय काढतं. यातल्या कशाची नोटीस निघते? बियाण्याची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले पैसे, विनापरवाना सावकाराचं व्याज हे निकषाबाहेर. त्यातून आलेली लाजही निकषाबाहेर. मागे राहिलेली बाई सांगते, ‘त्यांनी मनाला लावून घेतलं, तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणायचे.’ पंचनाम्यात हे वाक्य येत नाही. आलं तर ‘मानसिक तणाव’ होऊन येतं. आणि मानसिक तणाव म्हटला की दोष गेला माणसाच्या मनाकडे. बाजार सुटला, बँक सुटली, पाऊस सुटला.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खीमनं १८९७ साली आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. माणसाच्या सगळ्यात खासगी वाटणाऱ्या कृतीतही समाज असतो, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. सव्वाशे वर्षं उलटली. आपण त्याचे आकडे घेतले, त्याचा प्रश्न मात्र बाजूला ठेवला. लाज कुठून येते? ज्या गावात ऐपतीपेक्षा मोठं लग्न केलं नाही तर बोट दाखवतात आणि केलं तर कर्जात बुडवतात, त्या गावाचा तो हिशोब आहे. एकाच्या छातीवर तो येऊन बसतो, इतकंच.

यातही एक चांगली नोंद करायला हवी. २०२३ मध्ये याच विभागीय आयुक्त कार्यालयानं मराठवाड्यातल्या लाखो शेतकऱ्यांची पाहणी केली आणि शेतकऱ्याच्या मनात काय चाललंय, हेही विचारलं. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि खळबळ उडाली. पेरणीच्या आधी एकरी रोख मदत द्या, अशी शिफारसही त्यातून पुढे आली. आकड्यांवर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण सरकारी पाहणीनं जिवंत माणसाला असा प्रश्न विचारला, ही मोठी गोष्ट. एरवी आपण माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला विचारतो.

दुसऱ्या मुद्द्याकडे येते. भीती. इथून बीडकडे चला. दसऱ्याच्या पुढेमागे गावोगाव ट्रक, ट्रॅक्टर भरायला लागतात. भांडी, गोधड्या, पत्रे, शेळी, पोरं. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून जोडीच्या नावानं घेतलेली असते, म्हणून फेडही जोडीनं. एकीला बरं नाही आणि ती फडात गेली नाही, तर खाडा. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. पहाटे उठून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या.

या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचं प्रमाण फार मोठं असल्याचं २०१९ मध्ये उघडकीला आलं. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. ऐन पस्तिशीच्या, चाळिशीच्या बायका.

आकडा भयंकर आहे. पण आकडा ‘का’ सांगत नाही. का-चं उत्तर भीतीत आहे, आणि तीही एक भीती नव्हे. दवाखान्यात सांगितलं जातं, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. ही मरणाची भीती. खाडा पडला तर उचल फिटणार नाही, पुढच्या वर्षी मुकादम नेणार नाही. ही भाकरीची भीती. आणि तिसरी, ती फार कमी वेळा बोलली जाते: परमुलखात, पालाच्या झोपडीत, दार नसलेल्या निवाऱ्यात असलेली बाईमाणसाची भीती. या तिन्ही भीत्या एकत्र आल्या की शस्त्रक्रियेला ‘होय’ म्हटलं जातं आणि कागदावर लिहिलं जातं: रुग्णाची संमती. मी तुम्हाला विचारते, या संमतीला संमती म्हणायचं का? प्रश्नावलीत ‘शस्त्रक्रिया स्वेच्छेने केली काय? होय / नाही’ असा रकाना असेल, तर खूण ‘होय’वरच पडणार. बाई खोटं बोलत नाही. आपला रकाना खोटा आहे.

भीती ही इथे ऊसतोडीच्या व्यवस्थेचा चालता भाग आहे, उचलीइतका, कोयत्याइतका. ती वगळून या धंद्याचं अर्थशास्त्र लिहिता येत नाही. म्हणजे भावनेचा अभ्यास हा मऊ विषय, अर्थव्यवस्थेचा अभ्यास हा कठीण विषय, ही विभागणी बीडच्या फडात टिकत नाही.

आता तिसरा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट या शहराची आहे.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद. निजामाच्या राज्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात तेव्हा पदवीच्या शिक्षणाची सोय किती होती, हे ज्येष्ठांना सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचिराम कांबळे यांचं नाव आजही घेतलं जातं. कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून शहरात आली. पुढची सोळा वर्षं मोर्चे, सत्याग्रह, लाठ्या, तुरुंग, बलिदान. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.

या सोळा वर्षांत एक युक्तिवाद सतत ऐकू यायचा, आणि तो वाईट माणसांच्याच तोंडून यायचा असं नाही. चांगली, शिकलेली, पुरोगामी म्हणवणारी माणसंही म्हणायची: ‘नावानं पोट भरतं का? हा भावनिक प्रश्न आहे. खरे प्रश्न वेगळे आहेत, रोजगाराचे, सिंचनाचे, विकासाचे.’ आणि तीच माणसं पुढच्या वाक्यात म्हणायची: ‘मराठवाडा हे नाव आमच्या अस्मितेचं आहे.’

थांबा जरा इथे. नाव बदलावं असं वाटणं ही भावना. नाव बदलू नये असं वाटणं ही अस्मिता. दोन्हीकडे नावच. दोन्हीकडे प्रेम, अभिमान, राग. मग एकाला हलकं आणि दुसऱ्याला भारदस्त कुणी केलं? भावनांच्या वाटणीतली विषमता म्हणते ती ही. ज्याच्या हातात गाव आहे, जमीन आहे, वर्तमानपत्र आहे, त्याच्या भावनेला इतिहास चिकटतो, प्रदेश चिकटतो. ज्याच्या हातात काही नाही, त्याच्या भावनेला म्हणतात, ‘आता विसरा की!’

कायद्यातही हे बघता येतं. धर्माचा अपमान करून धार्मिक भावना दुखावण्याविरुद्धचं कलम २९५ (अ) भारतीय दंडसंहितेत १९२७ मध्ये आलं. गावकुसाबाहेरच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित करणं, याला अपाय मानून त्यासाठी स्वतंत्र आणि कडक कायदा यायला १९८९ साल उजाडावं लागलं. मधली बासष्ट वर्षं देवाच्या बाबतीत दुखावलेलं मन कायद्याला दिसत होतं, माणसाच्या बाबतीत दुखावलेलं मन दिसायला वेळ लागला.

आणि १९७८ च्या त्या हिंसाचाराबाबत संशोधनानं काय केलं? जळालेली घरं मोजली. मोजायलाच हवी होती. शिक्षण, नोकऱ्या, गायरान जमिनी, गावकामांना दिलेला नकार, अशी कारणंही अभ्यासकांनी मांडली. ती बरोबरच आहेत. पण एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही. ज्यांनी आग लावली, त्यांना काय वाटत होतं? काल आपल्या दारात उभा राहणारा माणूस आज पँट घालून, बगलेत पुस्तकं मारून महाविद्यालयात जातो, हे बघून त्यांच्या पोटात काय कालवत होतं? असूया होती की भीती? की आपली जागा सरकतेय, हे कळत होतं पण बोलता येत नव्हतं?

आपल्या संशोधनाची एक खोड आहे. आपण दुःखाचा अभ्यास करतो, द्वेषाचा करत नाही. आपण टेपरेकॉर्डर घेऊन वस्तीत जातो, वाड्यात जात नाही. विधवेला रडायला लावतो, तिच्या दारात आलेल्या वसुलीवाल्याला विचारत नाही की बाबा, हाक मारताना तुला काय वाटलं. ऊसतोडणीच्या बाईला तिच्या पाळीबद्दल विचारतो, मुकादमाला त्याच्या काळजीबद्दल विचारत नाही. त्यालाही कारखान्याची भीती असते, त्याचीही उचल बुडते. खालच्यांनी मन उघडं करायचं आणि वरच्यांनी मत द्यायचं, अशी आपल्या मुलाखतींची रचना आहे. खालच्यांच्या मुलाखतीला आपण ‘कथन’ म्हणतो, वरच्यांच्या मुलाखतीला ‘तज्ज्ञांशी चर्चा’.

अमेरिकेत आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी उलटं करून पाहिलं. त्या स्वतः उदारमतवादी विचारांच्या, विद्यापीठ कॅलिफोर्नियात. त्या लुईझियाना राज्यात जाऊन, ज्यांची मतं त्यांना अजिबात पटत नव्हती अशा लोकांमध्ये काही वर्षं जात-येत राहिल्या. २०१६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या लोकांना मनातून वाटत होतं की आपण इमानदारीनं रांगेत उभे आहोत आणि सरकार दुसऱ्यांना पुढे घुसू देतंय. हे वाटणं खरं आहे की खोटं, हा पुढचा प्रश्न. पण ते समजलं नसतं तर तिथलं राजकारण समजलं नसतं.

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींच्या मनात जालना आणि बीड आलं असेल. माझ्याही मनात आहे. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, आणि आरक्षणाचा प्रश्न प्रत्येक गावाच्या पारावर येऊन बसला. एका बाजूला तुकडे होत गेलेल्या जमिनीवर उभा असलेला, मुलाला नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून मुलगी देत नाहीत, अशा घरातला मराठा तरुण. दुसऱ्या बाजूला, आत्ताआत्ता कुठे हातात आलेलं जाईल, या धास्तीतला ओबीसी तरुण. दोघांच्या भाषणांचे व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात. दोघांच्या धास्तीचा शांतपणे केलेला अभ्यास मात्र हाताच्या बोटांवर मोजावा इतका. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमता येते. धास्तीच्या नोंदी कोण शोधणार? तुम्हीच. दुसरं कुणी येणार नाही.

आता शेवटचा टप्पा. संशोधकाच्या स्वतःच्या भावनेचं काय करायचं?

तुम्हाला शिकवलं जातं, ती उंबऱ्याबाहेर ठेवा. ठेवून बघा. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या विशीत बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. कवटीच्या मापांवरून वंशांचा उच्चनीच भाव दाखवायचा, हा त्या वर्तुळाचा उद्योग. मोजपट्ट्या अचूक, तक्ते सुबक, भाषा थंड. आणि त्या सगळ्याखाली वंशद्वेष. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असं लिहून मोकळ्या झाल्या. ज्याच्या लिखाणात भावना दिसत नाही त्याच्या लिखाणात ती नसतेच, असं मानणाऱ्यानं फिशर आठवावा.

याच इरावतीबाई पुढे पंढरीच्या वारीत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा बरोबर चालतात, बरोबर अभंग म्हणतात आणि जेवायला वेगळे बसतात, हे त्यांना सहन होईना. ती खंत त्यांनी लेखात लपवली नाही. तो लेख इंग्रजीत गेला आणि वारीचे अभ्यासक आजही तो वाचतात. कारण ती खंत वाटली म्हणूनच त्यांना चूल आणि पंगत नीट दिसली. ज्याला काहीच वाटलं नाही, त्याच्या वहीत ‘भोजनाची व्यवस्था समाधानकारक’ एवढीच नोंद झाली असती.

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या, १८८३ चा. रागानं लिहिलेलं पुस्तक. पण शेतकऱ्याचं घर, त्याचं अंगण, त्याचं जेवण, त्याचं कर्ज यांचं इतकं बारीक वर्णन त्या काळात दुसऱ्या कुणी केलं? रागानं त्यांची नजर बोथट झाली नाही, धारदार झाली. आणि आपल्या प्र. ई. सोनकांबळे सरांचं ‘आठवणींचे पक्षी’. मिलिंदमध्ये शिकलेल्या आणि याच शहरात शिकवलेल्या माणसानं लिहिलेली ती भूक. मराठवाड्यातल्या दारिद्र्याचा अभ्यास करणाऱ्यानं ते पुस्तक ‘साहित्य’ म्हणून बाजूला ठेवलं, तर हातचा पुरावा टाकला. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या वर्गात आणलं ते याचसाठी.

पण मित्रांनो, टाळ्या वाजवायच्या आधी एक धोका सांगते. भावना आली की झालं, असं नाही. ताप आला म्हणजे काहीतरी बिघडलंय हे नक्की. पण मलेरिया की टायफॉइड, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आज व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी कुणाच्या तरी भावना दुखावलेल्या असतात. त्यातल्या किती दुखावल्या आणि किती दुखावून घेतल्या, हे तपासणं हे आपलं काम. ज्यानं सोसलं त्यानंच सिद्धान्त मांडावा का, यावर गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई या दोन विचारवंतांनी मोठा वाद घातला, त्याचं पुस्तक झालं. त्या वादातून मी माझ्यापुरतं घेतलं ते असं: सोसणाऱ्याचं बोलणं पहिलं ऐकायचं, पण तपासणीतून सूट कुणालाच नाही. सोसणाऱ्याला नाही, संशोधकाला तर नाहीच.

म्हणून मागच्या रांगांना तीन कामं सांगून थांबते.

पहिलं, प्रश्नावलीत ‘होय / नाही’च्या खाली दोन कोऱ्या ओळी ठेवा आणि समोरच्याचं वाक्य त्याच्याच बोलीत लिहा. ‘मनाला लावून घेतलं’ला ‘तणाव’ करू नका.

दुसरं, प्रत्येक दहा मुलाखतींतल्या निदान तीन वरच्या बाजूच्या घ्या. सावकाराच्या, मुकादमाच्या, सरपंचाच्या, डॉक्टरच्या. आणि त्यांना मत विचारू नका. भीती कशाची वाटते ते विचारा. ते चिडतील. चिडले की तेही लिहून घ्या.

तिसरं, तुम्हाला कुठे राग आला, कुठे किळस आली, कुठे पळून जावंसं वाटलं, याची वेगळी वही ठेवा, तारीख घालून. प्रबंध लिहिताना ती उघडा आणि स्वतःला विचारा: इथे मला राग आला, तिथे का नाही आला? ज्या घरात तुम्हाला चहा बशीत मिळाला आणि ज्या घरात तुम्ही चहा नको म्हणालात, त्या दोन घरांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. तुमची जात, तुमचं शिक्षण, तुमचं शहर त्या वहीत सापडेल.

व्हायव्हाला कुणीतरी म्हणेल, ‘हे फार भावनिक झालंय.’ तेव्हा नम्रपणे विचारा: ‘सर, कुणाची भावना जास्त झाली, ते पानासकट सांगता का?’ उत्तर आलं तर दुरुस्ती करा. आलं नाही तर पान तसंच ठेवा.